दिराला खळ्यावरच्या खोलीत ठेवायचं का?

पत्र थोडं आवरून आणि ओळखीच्या खुणा काढून देते:

'ताई, मी रावेर तालुक्यातली. माझा दीर 34 वर्षांचा, केळीच्या गाडीवर ड्रायव्हर. सहा वर्षांपूर्वी त्याला एचआयव्ही निघाला. तीन वर्षं गोळ्या घेतल्या, मग बरं वाटतंय म्हणून सोडल्या. दिवाळीनंतर कोरडा खोकला, ताप, चालताना धाप. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. महिना झाला, फरक नाही. वजन 58 वरून 41. शेवटी जळगावला नेलं. सीडीफोर 38 निघाला. फुफ्फुसात बुरशी झालीय म्हणाले, पीसीपी. अकरा दिवस ठेवून घरी सोडलं, एकवीस दिवसांच्या गोळ्या पुऱ्या करायला सांगितल्या. सासूबाई म्हणतात, ही कोरोनातली काळी बुरशी. माझी दोन लेकरं आहेत, चार आणि नऊ वर्षांची, म्हणून त्याला शेतात खळ्यावरच्या खोलीत ठेवायचं म्हणतात. आमचं घर धाब्याचं, जुनं, माळ्यावर कबुतरं. त्यांच्यामुळे झालं का? शेजारी म्हणतात पांढऱ्या गोळ्या उष्ण पडतात, खाज त्यानेच, बंद करा. एचआयव्हीच्या गोळ्या परत सुरू केल्यावर ताप आला. जाऊ त्यांच्या मुलीला घेऊन चोपड्याला माहेरी गेलीय. तिला आजार माहीत आहे, पण बाळंतपणानंतर तिची तपासणी झालेली नाही. तिला काय सांगू?'

वहिनी,

आधी खोलीचं बोलू, कारण ते आज संध्याकाळी ठरेल. बाकीचं उद्या वाचलं तरी चालेल. दिराला खळ्यावर ठेवू नका.

तुमच्या खळ्यावर काय काय असतं ते डोळ्यापुढे आणा. कडब्याची गंजी, कुट्टीची पोती, ओल लागून कोपऱ्यात काळा पडलेला चारा. त्यातली पेंढी ओढली की जो धुरळा उडतो त्यात ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू असतात. तुमच्या-माझ्या छातीत ते रोज जातात आणि शरीर त्यांना निस्तरतं. सीडीफोर म्हणजे शरीराच्या लढाऊ पेशींचा आकडा. तो 38 वर आलेलं शरीर निस्तरेलच असं नाही. लेकरं वाचवायला म्हणून ज्या खोलीत त्याला पाठवताय, गावात बुरशी सगळ्यात जास्त तिथेच सापडेल. आणि रात्री दोन वाजता धाप वाढली तर हाक कोणाला मारणार? घरात ठेवा, खिडकी असलेली खोली द्या. ओसरीत कापूस भरून ठेवला असेल, तर तिथे झोपवू नका एवढंच.

सासूबाई ऐकत नसतील तर कायद्याचं सांगा. एचआयव्ही-एड्सचा कायदा 2017 साली झाला, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. बाधित माणसाला राहत्या घरातून किंवा घराच्या एखाद्या भागातून बाहेर काढता येत नाही, असं त्यात आहे. पण खरं सांगू? सासूबाईंना कायद्यापेक्षा कडब्याचं कारण लवकर पटेल.

मी डॉक्टर नाही. एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, समुपदेशक म्हणून चौदा वर्षं टेबलाच्या पलीकडे बसले. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. पण हा आजार घेऊन आलेली माणसं आणि त्यांच्या वहिन्या, आया, बायका मी पुष्कळ पाहिल्या.

ही काळी बुरशी नाही. 2021 मध्ये जिने लोकांचे डोळे नि जबडे काढायला लावले ती म्युकरमायकोसिस. तिचं नातं वाढलेल्या साखरेशी आणि स्टिरॉइडशी. तुमच्या दिराला झालीय ती न्यूमोसिस्टिस, तिच्या न्यूमोनियालाच पीसीपी म्हणतात. ती नाकाडोळ्यात जात नाही. फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत फेसासारखी भरून बसते. आत घेतलेली हवा रक्तापर्यंत पोचत नाही, म्हणून माणूस बसून बरा दिसतो आणि मोरीपर्यंत गेला की भिंत धरतो.

एड्सची जगाला पहिली चाहूल लागली तीच या आजारावरून. 5 जून 1981 च्या अमेरिकी सरकारी साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद आली. धडधाकट वयाची पोरं आणि पाचही जणांना हा न्यूमोनिया. एड्स हे नावसुद्धा तेव्हा नव्हतं. त्याआधी दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या अनाथाश्रमांत कुपोषित बाळं याच आजाराने दगावली होती. गंमत म्हणजे हा जीव बुरशी आहे हे 1988 पर्यंत पक्कं झालं नव्हतं, डॉक्टर त्याला मलेरियासारखा एकपेशीय परजीवी समजत. त्याची वागणूकही बुरशीसारखी नाही. नायट्याला, तोंडातल्या छाल्यांना देतात त्या फ्लुकोनॅझोलने हा हलत नाही. चालतं ते सेप्ट्रान, म्हणजे कोट्रायमोक्साझोल, एक जुनी स्वस्त जंतूंची गोळी. हे सांगायचं कारण, 'बुरशी झालीय' असं ऐकून नातेवाईक मेडिकलवरून बुरशीच्या गोळ्या आणतात आणि सेप्ट्रान 'साधी गोळी' म्हणून बाजूला ठेवतात. असं झालेलं मी पाहिलंय.

ही बुरशी आली कुठून? माणसाकडून माणसाकडे, हवेतून. आपण बहुतेक सगळे लहानपणीच्या पहिल्या काही वर्षांत तिला भेटून मोकळे होतो, खोकतसुद्धा नाही. सीडीफोर 200 च्या खाली गेला की तिला रान मोकळं मिळतं. तुमच्या लेकरांनी एव्हाना तिला कदाचित पाहिलंही असेल. त्यांना त्याच्या ताटावाटीने, टॉवेलने, शेजारी बसण्याने ना या बुरशीचा आजार होईल ना एचआयव्ही. घरात दुसरं कोणी कमजोर असेल, कॅन्सरची औषधं किंवा किडनी बदलल्यावरची औषधं घेणारं, तर तेवढ्यांना त्याच्या खोलीत झोपवू नका.

टीबीचं मात्र वेगळं, त्याकडे येते.

कबुतरांबाबत तुमची शंका अगदीच चुकीची नाही. पीसीपीचा कबुतरांशी संबंध नाही. पण कबुतरांच्या जुन्या वाळक्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची दुसरी बुरशी राहते. ती श्वासातून फुफ्फुसात शिरते आणि तिथे फार गाजावाजा न करता मेंदूच्या आवरणात जाते. सीडीफोर 100 च्या खाली असलेल्याला तिचा धोका मोठा. तिच्यासाठी रक्ताची एक सोपी चाचणी असते, 'क्रिप्टोकॉकल अँटिजेन'. डिस्चार्जच्या कागदावर ती झाल्याचं दिसतंय का पाहा, नसेल तर पुढच्या तारखेला स्वतः विचारा. कागदावर लिहून न्या, नाहीतर रांगेत नंबर आला की सगळं विसरतं. डोकं दिवसेंदिवस दुखतंय, उलट्या होताहेत, एकाचे दोन दिसताहेत, माणूस बावचळल्यासारखा बोलतोय, असं दिसलं तर तारखेची वाट पाहू नका.

माळा साफ करायचा तर दिराने नाही. दुसऱ्या कोणी तोंडाला घट्ट मास्क बांधून, आधी पाणी शिंपडून, ओलं खरवडून. कोरडा झाडू मारला तर तोच धुरळा खाली घरभर येईल.

आणखी एक. गाडी घेऊन तो कुठवर जायचा, हे डॉक्टरांना सांगितलंय का? केळी दिल्लीकडे जाते हे सगळ्यांना ठाऊक, पण ड्रायव्हर माल मिळेल तिकडे फिरतो. वटवाघळांच्या विष्ठेतली हिस्टोप्लाझ्मा गंगेच्या खोऱ्यात जास्त दिसते आणि मणिपूरकडे टॅलारोमायसिस नावाची निराळीच बुरशी आहे. दोन्ही हुबेहूब टीबीसारख्या वाटतात. दिरावर आत्ता यातला कसलाही संशय नाही, पण औषधं घेऊनही ताप-वजन हललं नाही तर डॉक्टरांना हा धागा उपयोगी पडेल.

आता टीबी. तुमच्या गावच्या डॉक्टरांवर राग काढू नका. आपल्याकडे एचआयव्ही आणि छाती हे दोन शब्द एकत्र आले की पहिला संशय टीबीचा येतो, आणि बहुतेकदा तो खराही ठरतो. पीसीपी फसवी असते. नळी लावली तर बऱ्याचदा छातीत काही वाजत नाही, सुरुवातीला एक्स-रेसुद्धा स्वच्छ येऊ शकतो. तिला पकडायची एक युक्ती मी आमच्या वॉर्डात पाहिली. खाटेवर बसलेल्या एका रुग्णाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलेलं, आकडा 96. घरचे म्हणत होते, एवढं काही नाही, उगाच ठेवून घेताय. डॉक्टरांनी त्याला व्हरांड्याच्या टोकाच्या पाण्याच्या माठापर्यंत जाऊन यायला सांगितलं. तो गेला, ग्लासही न उचलता परत आला आणि खाटेची दांडी धरून उभा राहिला. आकडा 84. त्यानंतर घरचे काही बोलले नाहीत.

ते यंत्र कोरोनात घेतलेलं तुमच्याही कपाटात पडून असेल. सेल बदला. डिस्चार्जच्या दिवशी आकडा किती होता ते कागदावर पाहा आणि सकाळ-संध्याकाळ एका वहीत लिहा. बसल्या बसल्या 94 च्या खाली असेल तर चालवून पाहू नका, डॉक्टरांना फोन करा. चालल्यावर आधीपेक्षा जास्त उतरायला लागला तर त्याच दिवशी दवाखाना. 90 च्या खाली, किंवा छातीत एकदम कळ येऊन दम कोंडला, तर 108 ला फोन. या आजारात फुफ्फुसाला भोक पडून हवा बाहेर साचू शकते आणि ती घरी बसून उतरत नाही.

टीबीच्या गोळ्यांचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाही. चालू असतील तर मनाने थांबवू नका, कारण पीसीपी आणि टीबी एकाच वेळी असू शकतात. पण एवढं विचाराच: बेडक्याची सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूची तपासणी, झाली का? बेडका येत नसेल तर लघवीवरची टीबीची चाचणी असते, ती झाली का? टीबी पक्का निघाला तर तुमच्या दोन्ही लेकरांना तपासायला न्यायचं. चार वर्षांच्याला तर नक्कीच, पाचच्या आतल्यांना प्रतिबंधाचं औषध देतात. लेकरांसाठी काळजी करायचीच असेल तर ही करा. आणि टीबीच्या गोळ्या व एचआयव्हीच्या गोळ्या एकत्र चालू राहणार असतील तर एआरटी सेंटरला स्पष्ट सांगा. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन हे एचआयव्हीच्या गोळीतल्या डोल्युटेग्राविरचा जोर कमी करतं, म्हणून बारा तासांच्या अंतराने डोल्युटेग्राविरची एक जादा गोळी द्यावी लागते. टीबीच्या गोळ्या एकीकडून, एचआयव्हीच्या दुसरीकडून, असं झालं की हे राहून जातं.

पांढऱ्या गोळ्या. शेजाऱ्यांना चहा पाजा, सल्ला घेऊ नका. उपचाराच्या एकवीस दिवसांत सेप्ट्रानचा डोस खूप मोठा असतो, वजनाप्रमाणे दिवसाला चार-सहा डबल गोळ्यांपर्यंत. त्याने मळमळतं, तोंड कडू होतं, दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास अंगावर पुरळही येऊ शकतं. नुसती खाज, बारीक पुरळ, एवढंच असेल तर डॉक्टरांना दाखवा, ते खाजेची गोळी देऊन बऱ्याचदा तेच औषध पुढे चालवतात. पण तोंडात फोड आले, डोळे लाल झाले, कातडी सुटायला लागली, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. ही मात्र खरी भीतीची गोष्ट आहे. पाणी भरपूर प्यायला लावा. एकवीस दिवसांनंतरही गोळी बंद होत नाही, फक्त कमी होते. रोज एक डबल गोळी, हा आजार परत येऊ नये म्हणून, सीडीफोर चांगला वर येऊन टिकेपर्यंत. ती कधी थांबवायची ते एआरटीचे डॉक्टर सांगतील. बहुतेक लोक इथेच घसरतात. धाप गेली, भूक लागली, मग ही एक गोळी कशाला, म्हणून.

त्याला प्रेडनिसोलोन दिलं असेल, स्टिरॉइड, तर तेही कागदावर जसं उतरत जातंय तसंच द्या. मधेच तोडू नका.

एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्यावर ताप आला, यात गोळी विषारी असल्याचा पुरावा नाही. तीन वर्षं झोपलेली फौज जागी झाली की समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडते, त्याचा ताप असू शकतो. एखादा लपलेला टीबीसुद्धा यातून उघडा पडतो. म्हणून कळवायचं, दाखवायचं, पण गोळी सुरू ठेवायची. पीसीपीचा उपचार सुरू झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत एचआयव्हीची गोळी सुरू करणं हेच बरोबर, तुमच्या डॉक्टरांनी तेच केलंय. मेंदूतला क्रिप्टोकॉकस निघाला तर मात्र चार-सहा आठवडे थांबतात. ताकदीसाठी कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या आणल्या असतील तर त्या डोल्युटेग्राविरच्या दोन तास नंतर किंवा सहा तास आधी द्या. उपाशीपोटी एकत्र घेतल्या तर अर्धी वाया.

जेवणाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. धाप लागणाऱ्याला भरलं ताट पाहूनच दम लागतो. दर दोन-अडीच तासांनी थोडं द्या. दादर ज्वारीची भाकर दुधात कुस्करून, अंडं, शेंगदाण्याची चटणी, आणि कढी-फुनके. वाफवलेल्या डाळीचं एवढं चांगलं पथ्य आपल्या खान्देशात घरोघरी होतं आणि आपण ताकदीच्या पावडरचे डबे विकत आणतो. शेवभाजी मागेल, तोंडाला चव नसते ना. एक वाटी द्या.

जाऊबाई. बाळंतपणातली तपासणी निगेटिव्ह होती आणि तेव्हा तो गोळ्या घेत होता, असं धरून चालते. गोळ्यांनी विषाणू दाबलेला असला, व्हायरल लोड सापडेनासा झाला असला, की शरीरसंबंधातून लागण होत नाही. पण नंतरची तीन वर्षं त्याने गोळ्या घेतल्या नाहीत आणि त्या काळाबद्दल तो जुना कागद काही सांगू शकत नाही. म्हणून चोपड्याच्या सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात, त्यांनी एकदा जावं. तपासणी फुकट, नाव बाहेर जात नाही. आता निगेटिव्ह आल्या तर तीन महिन्यांनी पुन्हा एकदा, आणि मग मुलीच्या तपासणीची गरज नाही. पॉझिटिव्ह आल्या तर मुलीचीही करायची.

फोनवर 'परत ये, त्याची सेवा कर' हे वाक्य आज नको. त्या घाबरून गेल्या आहेत, रुसून नाही. 'तू तपासून घे, मी सोबत येते' एवढंच म्हणा. जायला धजत नसतील तर 1097 या एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनवर त्या स्वतः बोलू शकतात, फोन फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आता दिराशी बोला. तुम्हीच, सासूबाई नकोत. गोळ्या का सोडल्यास असं विचारलंत तर 'मले बरं वाटत होतं' हेच उत्तर येईल. त्याच्या आत वेगळं काही असतं. क्लीनर विचारायचा ही कसली डबी. ढाब्यावर सगळ्यांसमोर गोळी कशी घ्यायची. महिन्याची तारीख आली की गाडी नेमकी बाहेर. एक ड्रायव्हर माझ्याकडे यायचा, त्याने डबीत कापूस कोंबला होता, केबिनमध्ये खडखड वाजू नये म्हणून. कापूस आपल्याकडे कमी नाही म्हणाला. त्याला मी ओरडले नाही, कारण तो गोळी घेत होता. दिराला विचारा, त्याची डबी कुठे वाजत होती. त्याचं जे उत्तर असेल ते घेऊन समुपदेशकाकडे जा. तब्येत स्थिर झाली की दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळण्याची सोय आहे. लांबच्या खेपेवर गोळ्या संपल्या तर वाटेतल्या कुठल्याही एआरटी सेंटरवर कार्ड दाखवून मदत मागता येते, हे फार ड्रायव्हरांना माहीतच नाही. गाडी मात्र इतक्यात नको. कमाई बंद आहे तोवर संजय गांधी निराधार योजनेत एड्सग्रस्तांना अर्ज करता येतो, रावेरला तहसीलमध्ये चौकशी करा.

पुढच्या तारखेला पिशवीत टाका: डिस्चार्जचा कागद, जुना-नवा एक्स-रे, टीबीच्या गोळ्यांची पाकिटं, ऑक्सिजनची वही आणि गोळ्यांच्या डब्या, उरलेल्या गोळ्यांसकट. कमी-जास्त उरल्या असतील तर घरी मोजून, काढून, सारख्या करून नेऊ नका. समुपदेशक मोजतील, थोडं रागावतील. आम्ही रागावतोच.